बाभळीवरचे पोपट आणि तीन एकर मालदांडी: राखणीतलं एक प्रकरण

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातलं शिवार. काळी खोल जमीन आणि तीत तीन एकर मालदांडी ज्वारी. एका बाजूला ऊस, दोन बाजूंना हरभरा, नाल्यापलीकडे पेरूची बाग. ज्वारीच्या धुऱ्यावर एक जुनी बाभूळ. पूर्वी या शिवारात रब्बीला ज्वारीच ज्वारी असायची. मग खरिपात सोयाबीन आलं, त्यामागून हरभरा आला, काढणीची मजुरी वाढली, आणि ज्वारी उरली ती घरच्या भाकरीपुरती नि जनावरांच्या कडब्यापुरती.

या प्रकरणातलं निम्मं कोडं इथंच सुटतं. शिवारभर ज्वारी निसवलेली असते तेव्हा पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जातं, कुणा एकाला फारसं जाणवत नाही. शिवारात एकच तुकडा असला की सगळे थवे त्याच तुकड्यावर. मग शेतकरी म्हणतो, पाखरं खातात म्हणून ज्वारी परवडत नाही. तो पुढच्या वर्षी ज्वारी सोडतो, आणि उरलेल्यांचा त्रास आणखी वाढतो.

उरलेलं निम्मं कोडं पाखरांच्या डोक्यात आहे, आणि हे टिपण त्याबद्दल. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. शेतमालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांची तक्रार एका वाक्यात होती: "सर, पट्ट्या बांधल्या, भोंगा आणला. चार रोज भेतेत, पाचव्या रोजी त्याच्यावरच बसायलेत."

कोण येतं, कधी येतं

ज्वारीवर येणारी सगळी पाखरं दादांच्या लेखी "पाखरं". पण राखण करायची तर त्यांना वेगळं करावं लागतं. चिमण्या आणि मुनिया कडेकडेच्या ओळींत शिरतात, ताटाच्या आडोशानं खातात. त्यांचं नुकसान सावकाश होतं, आणि त्यांना हुसकणं सोपं. भोरड्यांचं तसं नाही. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून हिवाळ्याला आपल्याकडे येते आणि एप्रिलपर्यंत परत जाते. तिच्या मूळ मुलखात टोळ आणि नाकतोडे खाणारी म्हणून तिला मान आहे. आपल्याकडे ती दाणे चिकात असताना शेकड्यांनी उतरते आणि थोड्या वेळात पट्टाच्या पट्टा झोडून उठते.

पोपट संख्येनं कमी. पण या प्रकरणात महत्त्वाचे तेच. पोपट आल्या आल्या पिकात उतरत नाही. आधी बाभळीवर बसतो. बघतो. मग येऊन कणसाचा तुकडा तोडतो, परत बाभळीवर नेतो, थोडा खातो आणि उरलेला खाली टाकतो. बाभळीखाली पडलेला दाणा बघून दादांचा जीव तुटायचा. "खाऊन तरी घ्या म्हणावं," हे त्यांचं नेहमीचं.

पोपटांची वेळ ठरलेली: उन्हं जरा वर आली की एकदा आणि दिवस कलायला लागला की दुसऱ्यांदा. भर दुपारी जवळजवळ कोणी नाही. राखणीचा वेळ मात्र घरात सवडीप्रमाणे वाटलेला होता. जनावरांचं उरकून आजी, म्हणजे दादांची आई, माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, यायच्या तोवर पोपटांची पहिली पंगत उठलेली असायची.

बुजगावणं, चमकी आणि भोंगा

बुजगावणं उभं राहिलं ते पीक पोटरीत असताना, दाणा भरायच्या कितीतरी आधी. काठीला जुना सदरा आणि वर मडकं. पिकात खायला काही नसतानाच पाखरांनी ते रोज पाहिलं, आणि रोज काहीच झालं नाही. दाण्यात चिक भरेपर्यंत ते बांधावरच्या दगडाइतकं बिनधोक ठरलेलं होतं. यात पाखरांच्या हुशारीचा पुरावा शोधू नये. वारंवार घडणाऱ्या निरुपद्रवी गोष्टीकडे दुर्लक्ष करायला समुद्री गोगलगायसुद्धा शिकते. एरिक कँडेल यांनी स्मृतीचा अभ्यास तिच्यावरच केला आणि २००० साली नोबेल मिळवलं. एवढ्यासाठी मोठा मेंदू लागत नाही. बुजगावणं उभं करायचंच, तर ते दाणा भरू लागल्यावर करावं आणि सारखं हलवावं, इतकाच धडा इथं आहे.

लाल-रुपेरी चमकीची फित वाऱ्यावर फडफडते, भणभणते आणि उन्हात लखलखते. ती काही दिवस चालली. दादांचं म्हणणं असं की पोपटांना वारा कधी पडतो ते कळतं, म्हणून ते सकाळीच येतात. मला ते पटलं नाही. पोपट सकाळी येतात कारण रात्रभराची भूक असते. सकाळी वारा नसतो, म्हणून फित लुळी पडलेली असते. भिण्यासारखं तिथं तेव्हा काही नसतंच. पाखराला अकलेचं श्रेय देण्याआधी साधं कारण तपासून घेतलेलं बरं.

भोंग्याची गोष्ट वेगळी. दादांच्या मुलानं, म्हणजे आजींच्या नातवानं, स्वतःच्याच आरोळ्या मोबाइलवर रेकॉर्ड करून बॅटरीच्या भोंग्यावर लावल्या. ठरावीक अंतरानं आरोळी, मग शांतता, मग पुन्हा आरोळी. सुरुवातीला आरोळीसरशी थवा उठून उसाकडे जायचा. मग उठून धुऱ्यावरच बसायला लागला. आणि मग भोरड्या आरोळी संपली रे संपली की उतरायला लागल्या. आरोळीनंतरचा वेळ हाच त्यांच्या लेखी सगळ्यात सुरक्षित वेळ झाला होता. ठरावीक वेळानं दाणा मिळत असेल तर कबुतर ती वेळ जवळ येईल तशी टोची मारायचा वेग वाढवतं, हे प्रयोगशाळेत मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या काळापासून माहीत आहे. पाखरं वेळेचा अंदाज धरतात. भोंग्याचं घड्याळ आम्हीच त्यांना शिकवलं.

आजींची गोफण

आजींना मात्र पाखरं कधी सरावली नाहीत. त्या माळ्यावर चढल्या की पोपट बाभूळ सोडायचे आणि भोरड्या शेताच्या लांबच्या टोकाला सरकायच्या. नातू माळ्यावर असला तर तसं काही नाही. आजींचं स्पष्टीकरण सरळ होतं: "मला वळखतेत ती. ह्या पोराला नाहीत वळखत."

गोफणीचं कसब बघितलं तर त्यात अर्धं उत्तर मिळतं. आजींचा गुंडा, म्हणजे गोफणीतला दगड, थव्याच्या पुढ्यात पडायचा, आणि कधी पडेल याचा नेम नसायचा. नातवाचा गुंडा बहुधा उसात. म्हणजे एकीकडे खरा धोका होता, दुसरीकडे नुसता आवाज. पण "वळखतेत" हा शब्द सोडून देण्याजोगा नव्हता, कारण तो तपासता येत होता. एका दुपारनंतर नातवानं आजींचं लुगडं डोक्यावरून घेतलं, खांद्यावर घोंगडी टाकली आणि त्यांच्या जागी माळ्यावर बसला. गोफण मारायची नाही, असं ठरलं. पोपट आले, बाभळीवर न उतरता घिरटी घालून उसाकडे गेले. भोरड्या लांबच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सोंग. थोड्या वेळानं दोन पोपट बाभळीवर आले, बराच वेळ बसले, मग पिकात गेले. गुंडा आला नाही. त्यांच्यामागून बाकीचे आले.

शेत एक, पाखरांच्या पायात कडी नाही, आज आलेला पोपट कालचाच होता हे सांगायची सोय नाही. तरी दोन गोष्टी दिसल्या. पाखरं माणसाचं रूप आणि जागा यांची सांगड घालत होती. आणि ती सांगड खोटी ठरताच तिच्यात दुरुस्ती करत होती, तीही आधी एक-दोघांनी जाऊन, बाकीच्यांनी बघून.

याला आधार देणारं पक्कं काम अमेरिकेत सिॲटलला झालं. वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा चढवून काही कावळे पकडले, कडी घालून सोडले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही फिरलं तरी कावळे अंगावर यायचे आणि कलकलाट करायचे. साधा मुखवटा घातलेल्याला काही नाही. हे वर्षानुवर्षं टिकलं, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं असे कावळेही त्यात सामील झाले. २०१२ साली याच गटानं कावळ्यांच्या मेंदूची प्रतिमा काढली. पकडणाऱ्याचा चेहरा दिसताच आपल्या अमिग्डालाशी जुळणाऱ्या, भीतीशी जोडलेल्या भागात हालचाल वाढली. दाणा देणाऱ्याचा चेहरा दिसला तेव्हा वेगळे भाग जागे झाले. पोपट आणि भोरडी म्हणजे कावळा नव्हे, हे धरूनही आजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

हे सगळं एवढ्याशा डोक्यात मावतं कसं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेंदूचे अभ्यासक लुडविग एडिंगर यांच्या मांडणीमुळे असं धरलं गेलं की पक्ष्याचा पुढचा मेंदू म्हणजे बहुतेक करून स्ट्रायटम, अर्थात उपजत वागण्याचं यंत्र. आपल्या मेंदूवरच्या सहा थरांच्या सालीसारखं काही दिसत नव्हतं, म्हणून विचारही नसणार, असा तो तर्क. ही नावं आणि त्यांमागची समजूत २००४-०५ मध्ये तज्ज्ञांच्या गटानं अधिकृतपणे बदलली. २०१६ साली पेशींची मोजणी झाली तेव्हा चित्र आणखी पालटलं. रेव्हन या मोठ्या कावळ्याचा मेंदू साधारण १४ ग्रॅमचा, त्यात सुमारे २१७ कोटी चेतापेशी, आणि त्यांतल्या सुमारे १२० कोटी वरच्या भागात, म्हणजे पॅलियममध्ये. मकॉ पोपटाच्या पॅलियममधल्या पेशी ऱ्हीसस माकडाच्या मेंदूसालीतल्या पेशींपेक्षा जास्त भरल्या. पेशी लहान, दाटीनं बसलेल्या. २०२२ साली कबुतरांवर झालेल्या मोजणीत दिसलं की पक्ष्याची चेतापेशी सस्तन प्राण्याच्या पेशीच्या सुमारे एक-तृतीयांश ग्लुकोजवर भागवते.

राखणीच्या दृष्टीनं यातला एक भाग लक्षात ठेवावा. पुढच्या मेंदूच्या मागच्या कडेला निडोपॅलियम कॉडोलॅटरेल नावाचा पट्टा आहे. त्याला मध्यमेंदूतून डोपामाइन या रसायनाचा भरघोस पुरवठा होतो आणि आपल्या कपाळामागच्या मेंदूसारखी कामं तो करतो. १९८२ साली कबुतरांत या भागाला इजा केल्यावर, मागच्या खेपेला कुठं गेलो होतो हे ध्यानात ठेवून आता दुसरीकडे जायचं, हे काम त्यांना जमेनासं झालं. जर्मनीत बोखुमला ओनुर ग्युंट्युर्क्युन यांच्या गटानं कबुतरांवर आणि ट्युबिंगेनला आंद्रेआस नीडर यांच्या गटानं कावळ्यांवर हे काम पुढं नेलं. पडद्यावरचं चित्र नाहीसं झाल्यावरही या भागातल्या काही पेशी पेटलेल्या राहतात, निवड करायची वेळ येईपर्यंत. नीडर यांच्या कावळ्यांत तर "तेच निवड" आणि "वेगळं निवड" अशा नियमांसाठी वेगवेगळ्या पेशी सापडल्या. आजी भाकरीला कोपीत, म्हणजे शेतातल्या झोपडीत, गेल्या, दिसेनाशा झाल्या, तरी बाभळीवरचा पोपट लगेच उतरत नाही. त्या वेळी त्याच्या डोक्यात नेमकं काय चालतं ते शेतातून कळायला मार्ग नाही. पण दिसेनाशी झालेली गोष्ट धरून ठेवण्याची सोय पाखराच्या मेंदूत आहे, हे नक्की.

वेळ अमावस्या, आणि पेरू

वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे गावंच्या गावं शेतात असतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, पाहुणेरावळे. दादांच्या शेतातही दिवसभर माणसांची गर्दी होती, आणि ज्वारीवर एकही पोपट नाही. दादा खूश. संध्याकाळी गाड्या गावाकडे वळल्या आणि दुसऱ्या सकाळी पोपट हजर. बाभूळ तीच, पिकाचा कोपराही तोच. एक दिवसाच्या जत्रेनं शेताची किंमत त्यांच्या लेखी कमी झालेली नव्हती. फक्त त्या दिवशीचा सौदा महाग होता.

खरा बदल नंतर झाला. नाल्यापलीकडचा पेरू पिकायला लागला आणि ज्वारीवरचे पोपट एक-दोन दिवसांत जवळजवळ नाहीसे झाले. ज्वारी अजून हुरड्यात होती, म्हणजे खायला गोडच. भोंगा बंद होता आणि राखण तशीच ढिली. दादांनी याचं श्रेय नव्या चमकीला दिलं. पुढं बागवाल्यानं पेरूवर जाळी टाकली, आणि पोपट परत आले. शोधत, चाचपत आले नाहीत. बाभळीवर उतरून थेट त्याच कोपऱ्यात गेले.

या घटनेतून सवय आणि हेतू वेगळे करता येतात. पोपट नुसत्या सवयीनं ज्वारीवर येत असते, तर पेरू पिकल्यावरही काही काळ येत राहिले असते. सवय मोडायला वेळ लागतो. हेतूनं वागणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कुठं गेलं की काय मिळतं, आणि त्याची आत्ता आपल्याला किती गरज आहे. त्यांतली एक बदलली की वागणं लगेच बदलतं. शेतात पेरू आणि ज्वारी दोन्ही एकाच वेळी असल्यानं हा कडक पुरावा होत नाही. जवळचं चांगलं सोडून त्याहून चांगलं धरलं, एवढंच म्हणता येईल.

कडक पुरावा निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ साली स्क्रब जे या पक्ष्यावर दिला. या पक्ष्यांनी वाळूच्या ट्रेमध्ये शेंगदाणे आणि अळ्या लपवल्या. अळ्या त्यांना जास्त आवडत, पण त्या सडतात. लपवून ४ तास झालेले असतील तर पक्षी आधी अळ्यांकडे जायचे. १२४ तास झालेले असतील तर अळ्या सोडून शेंगदाण्यांकडे. वासावरून कळू नये म्हणून चाचणीच्या वेळी ट्रेमधून खाणं काढून टाकलेलं होतं. काय, कुठं आणि केव्हा, हे तिन्ही लक्षात ठेवल्याशिवाय असं वागता येत नाही.

"कुठं"चं काम बरंचसं मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे. २०२४ साली चिकडी या दाणे लपवणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यावर झालेल्या कामात दिसलं की प्रत्येक वेळी दाणा लपवताना हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींचा एक खास, पुन्हा न येणारा नमुना क्षणभर उमटतो, आणि तोच दाणा काढताना तोच नमुना परत येतो. आपला पोपट दाणे साठवत नाही, तेव्हा त्याच्याबद्दल इतकं नेमकं बोलू नये. मात्र पोपटांच्या मेंदूत एक वेगळी गंमत आहे. पुढच्या मेंदूला लहान मेंदूशी जोडणारं एक केंद्र इतर पक्ष्यांच्या मानानं पोपटांत फार मोठं असतं, असं २०१८ साली दाखवलं गेलं. पायात कणीस धरून चोचीनं सोलण्याचं त्यांचं कसब बघताना मला ते आठवतं.

अर्धवट राखणीबद्दल

ऑक्सफर्डला अ‍ॅलेक्स कासेल्निक आणि बार्नाबी मार्श यांनी २००२ साली एक काम प्रसिद्ध केलं. पाखरू स्टार्लिंग, भोरडीच्याच कुळातलं. एका रंगाच्या बटणामागचा दाणा मिळायला एक मीटरच्या ४ भराऱ्या, दुसऱ्या रंगासाठी १६ भराऱ्या. दाणा दोन्हीकडे सारखाच. नंतर कष्ट न घेता दोहोंतलं एक निवडायला दिलं तर पाखरं जास्त कष्टाच्या रंगाकडे झुकली. जास्त दमून, भुकेल्या अवस्थेत मिळालेला दाणा त्यांच्या लेखी जास्त मोलाचा ठरला होता.

हे वाचून मी दादांच्या राखणीकडे पुन्हा पाहिलं. थवा उठवायचा, उसावर बसू द्यायचा, पाच मिनिटांनी परत येऊ द्यायचा, हे दिवसातून कितीदा तरी चालायचं. खाणं मिळायचंच, फक्त दमून. प्रयोगशाळेतलं जसंच्या तसं शेतात आणता येत नाही, तरी माझं मत बनलं आहे की अर्धवट हुसकण्यापेक्षा त्या वेळी गप्प बसलेलं परवडतं. हुसकायचं तर थवा पीक सोडून जाईपर्यंत.

मग आम्ही काय बदललं? आजींचा वेळ पाखरांच्या वेळेला बांधला: सकाळची आणि दिवस कलतानाची अशा दोनच पाळ्या, पण त्यांत खाडा नाही. दुपारची राखण बंद, कारण तेव्हा कोणी नसतंच. त्यामुळे आजींनाही विसावा मिळाला. माळा शेताच्या मधून उचलून बाभळीकडच्या कोपऱ्यात आणला, कारण निर्णय बाभळीवर होत होता. भोंग्याचं ठरावीक अंतर काढून टाकलं. नातू हातानं चालू करायचा, तेही आजींची गोफण फिरते त्याच वेळी. म्हणजे आवाजामागून कधीतरी गुंडा येणारच. चमकी काढून गुंडाळून ठेवली. विषारी दाण्याचा विषय शेजारच्या एकानं काढला होता, तो तिथंच बंद केला. पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. शिवाय विषाचा दाणा होला, चिमणी आणि कोंबडी ओळखत नाही.

पोपट कमी झाले, गेले नाहीत. बाभळीजवळच्या ओळी रिकाम्याच काढल्या गेल्या, मधलं पीक राहिलं, कडबा पूर्ण हाती आला. यात नव्या राखणीचा वाटा किती आणि दाणा कडक झाल्यावर भोरड्यांचं आपोआप हटणं किती, हे एका हंगामात वेगळं काढता येणार नाही.

बाभूळ तोडायची का, यावर घरात अजून वाद आहे. दादा तोडा म्हणतात. आजी म्हणतात, बाभूळ तोडली तर ती उसात बसतील, मग दिसणार पण नाहीत. मी आजींच्या बाजूनं आहे. पाखरू बसून बघतं ती जागा आपल्याला माहीत असणं ही राखणदाराची सोय आहे. येत्या रब्बीला शेजारचे दोघं दादांबरोबर एकाच आठवड्यात ज्वारी पेरायला तयार झालेत. तिसऱ्याला हरभराच करायचा आहे. पेरूवाल्याला जाळी केव्हा टाकणार ते आधी कळवायला सांगितलंय. त्यानं हो म्हटलंय.